दक्षिणामूर्ती आणि कुरणशाळा

दक्षिण देशीच्या शिवक्षेत्रांची यात्रा केलेल्या वाचकांनी गाभाऱ्याच्या दक्षिण भिंतीवर वटवृक्षाखाली बसलेली गुरुमूर्ती पाहिली असेल. शिष्य वृद्ध ऋषी आणि गुरू मात्र तरुण. तोही मौन धारण केलेला. हाच दक्षिणामूर्ती. १९१० साली नानाभाई भट्ट यांनी भावनगर येथे विद्यार्थ्यांसाठी संस्था काढली, तिला त्यांनी याच देवाचे नाव दिले. न बोलता शिकविणाऱ्या देवाच्या नावाने निघालेल्या त्या संस्थेत पुढे बालकांच्या मनाला दयेचे वळण कसे लागते याचा एक दीर्घ प्रयोग झाला. त्या प्रयोगाचा उत्तरार्ध मराठी मुलखात, डहाणूच्या डोंगरावर घडला. म्हणून त्याची हकीकत आपल्यालाही जवळची आहे.

त्यापूर्वीची आपल्याकडील शाळा कशी होती हे वेगळे सांगावयास नको. पंतोजींची शाळा पुष्कळ ठिकाणी देवळाच्या ओवरीतच भरे. आत देव दयाघन म्हणून आळविला जाई आणि बाहेर छडी चाले. या दोहोंत विसंगती आहे असे कोणाच्या मनातही येत नसे.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१६ साली ते दक्षिणामूर्तीत आले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. गुजरातेत त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. त्यांनी छडी तर बंद केलीच, परंतु बक्षीसही बंद केले, आणि लोकांना जास्त नवल वाटले ते या दुसऱ्या गोष्टीचे. एकाला पहिला म्हणून उभे करावयाचे तर बाकीच्यांना मागे बसवावे लागते, आणि सोबत्याच्या अपयशात आपले सुख शोधण्याची सवय एकदा जडली की मग दयेवरचा धडा पाठ करून घेण्यात अर्थ उरत नाही.

ज्यांच्या ग्रंथांतून गिजुभाईंना ही दृष्टी लाभली, त्या मारिया माँटेसरी यांनी रोममधील आपल्या बालगृहातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका मुलाला बक्षीस म्हणून चांदीचे पदक मिळाले होते आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून वर्गाच्या मधोमध बसविले होते. पहिला आपल्या कामात इतका गढलेला की गळ्यातले पदक खाली पडले तरी त्याला त्याचे काही वाटले नाही. शिक्षा झालेल्याने ते उचलून दाखविले आणि ‘मी घालू का?’ म्हणून विचारले. पहिल्याने ते सहज देऊन टाकले. बक्षिसाची मातबरी वडील माणसांनाच अधिक वाटते, असे मला हा प्रसंग वाचताना नेहमी वाटते.

याच पद्धतीतला शांतीचा खेळ तर दक्षिणामूर्तीच्या नावाला शोभणारा आहे. सर्व मुले निश्चल बसतात. बाई दुसऱ्या खोलीत जाऊन एकेकाचे नाव अगदी हलक्या आवाजात उच्चारते. ज्याचे नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून जावयाचे. यात कोणी जिंकत नाही. एकाने गडबड केली तर साऱ्यांची शांतता मोडते, म्हणून प्रत्येक मूल दुसऱ्यासाठी स्वतःला आवरते. ऐकणे ही दयेची पहिली पायरी आहे, हे त्या चिमुकल्यांना कोणी सांगत नसे.

१९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक भावनगरास आल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि ताराबाईंमुळे हा विचार मराठीत येऊन १९३६ साली दादरच्या शिशुविहारात रुजला. पण ही मुले कोणाची? बहुतेक सुस्थित घरांतील. साधनेही महागडी. दयेचे हे शिक्षण ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हते त्यांचा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना, आणि १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ सहकारी म्हणून लाभल्या. शिंपले, बिया, खडे, माती यांपासून साधने झाली. तरीही हरिजनवाड्यातील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका स्वतःच वाड्यात गेल्या आणि तेथल्या अंगणात शाळा मांडली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी बालविकास योजनेने तो देशभर नेला, तो पाहावयास मात्र ताराबाई राहिल्या नाहीत. १९७३ सालीच त्या निवर्तल्या.

त्याच १९४५ साली त्या भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. अशा पिळल्या गेलेल्या लोकांत, कोसबाडच्या टेकडीवर, १९५७ साली संस्थेचे काम गेले. येथे मुले गैरहजर राहात ती उनाडपणामुळे नव्हे. मुलगे गुरे राखीत. आणि सात-आठ वर्षांची मुलगी, आई मजुरीला गेल्यामुळे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जी माया शहरातल्या वर्गात शिकवावी लागत होती तीच या मुलीच्या शाळेच्या आड येत होती. तिला दया शिकविण्याची गरज नव्हती. तिच्यावर दया करण्याचे शाळेला शिकावयाचे होते.

ताराबाई आणि अनुताई ते शिकल्या. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. गुरे चरत आणि तेथेच अक्षरे गिरविली जात. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणले. मुलगी भावाला कडेवर घेऊन येई, पाळणाघरात त्याला निजवी आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसे. तो रडला तर तिला ऐकू जाई, इतक्या अंतरावर.