कॅमेऱ्याची किंमत कशाची?

श्रोतेहो, आमच्या घरात माझ्या आजोबांचे दोन फोटो आहेत. पहिला १९७० सालच्या पोळ्याचा. हैदराबादेहून आलेल्या एका नातलगाजवळ आगफा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा होता. भर दुपारी मारुतीच्या पारासमोर, सजवलेल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून आजोबा उभे आहेत. दुसरा फोटो २००८ सालचा, मी स्वतः काढलेला. ओसरीवर, दिवेलागणीच्या वेळी, खिशात मावणाऱ्या नव्या कोऱ्या दहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने. पुढच्याच वर्षी आजोबा गेले. हार घालण्यासाठी फोटो मोठा करावा म्हणून मी माझा फोटो परभणीला स्टुडिओत नेला. चेहरा जसजसा मोठा होई, तसतसे त्यावर बाजरी सांडावी तसे ठिपके दिसू लागत. डोळे तर ओळखूच येईनात. अखेर ट्रंकेतून पोळ्याच्या फोटोची निगेटिव्ह काढली, आणि तीच कामी आली. त्यामुळे आज आमच्या भिंतीवरचे आजोबा चाळिशीच्या आतले आहेत. नवा पाहुणा हटकून विचारतो, हे कोण, तुमचे काका का?

दहा मेगापिक्सेलचा कॅमेरा हरला आणि साधा डबा जिंकला, हे कसे? तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. विषय माझा इतिहासाचा. म्हणून उत्तरही मी इतिहासातच शोधले.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे आपण जाणताच. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. जन्म १८४४, मृत्यू १९०५. शिक्षण रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी इंदूरला, आणि पुढे सहाव्या निजामाकडे मान. त्यांच्या काळी फोटो काचेवर घेत. काच शाळेच्या पाटीएवढी, आणि कागदावरचा फोटोही बहुधा काचेएवढाच निघे. म्हणजे मोठा करण्याचा प्रश्नच उरत नसे. त्यांच्या काचांपैकी अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेतल्या. त्यांतल्या फोटोंतली अंगरख्यावरची नक्षी आजही मोजता येते. अर्थात हा खेळ नवाबांचा! शेतकऱ्याचा फोटो निघायचा तो त्याने विकत घेतलेला नसे.

पुढे काच गेली, रोल आला. रोलवरचे चित्र लहान, म्हणून कॅमेरा लहान, म्हणून किंमतही कमी. क्लिक थ्रीच्या निगेटिव्हवर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद चित्र उमटे. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर ते २४ बाय ३६ मिलिमीटरवर आले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी बॉडी कुठलीही असो, रोल तोच. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल घाला नाहीतर कोडॅकचा घाला; चित्राचा दर्जा ठरे तो रोलवर आणि भिंगावर. बॉडी म्हणजे नुसती अंधारी खोली.

हे सारे उलटले ते रोलच नाहीसा झाला तेव्हा. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची सिलिकॉनची चकती शोधली. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तशा चकतीवर पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर चढायला २३ सेकंद!

ही चकती काम कसे करते? स्लॅब घालताना मजूर ओळीने उभे राहून घमेली एकमेकांच्या हाती देतात, शेवटचा माणूस ती ओततो. सीसीडीत प्रत्येक ठिपक्यावर पडलेला प्रकाश विजेच्या रूपाने असाच शेजाऱ्याकडे सरकत जातो आणि शेवटी एका जागी मोजला जातो. पुढे आलेल्या सीमॉस चकतीत प्रत्येक ठिपक्याजवळच विजेचा जोर वाढवण्याची सोय असते, म्हणून काम झटपट होते आणि वीज कमी लागते. आज जवळजवळ सर्वच कॅमेऱ्यांत आणि मोबाईलांत सीमॉसच असते.

किमतीचा उतार तर पाहण्यासारखा आहे. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या बॉडीवर बसवलेल्या १.३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. १९९९ चा निकॉन डी वन, पावणेतीन मेगापिक्सेलचा, सुमारे पाच हजार डॉलरला. आणि २००३ मध्ये कॅननने ६.३ मेगापिक्सेलची ३०० डी ही बॉडी हजार डॉलरच्या आत आणली. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या हाती डिजिटल कॅमेरा येऊ लागला तो या उतारामुळे.

पण मंडळी, आता रोल बॉडीतच चिकटवलेला आहे. बॉडी घेणे म्हणजे जन्मभराचा एकच रोल घेणे. म्हणून त्या रोलचा, म्हणजे चकतीचा, आकार आधी विचारावा. माझ्या त्या खिशातल्या कॅमेऱ्याची चकती साधारण २८ चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मध्यम बॉडीची, जिला एपीएस-सी म्हणतात, तिची सुमारे ३७०. फुल फ्रेम म्हणतात त्या महागड्या बॉडीची ८६४. आणि क्लिक थ्रीची निगेटिव्ह? तीन हजारांच्या वर! पाऊस झिमझिम असला की वाटीत घोटभर पाणी साचते, परातीत पुष्कळ. संध्याकाळचा प्रकाश म्हणजे अशी झिमझिमच. माझ्या वाटीचे मी दहा दशलक्ष कप्पे केले होते. प्रत्येकात पडणार किती? बाजरी सांडली ती तिथे.

भर उन्हात मात्र, एक पोस्टकार्डाएवढा फोटो काढायचा असेल, तर स्वस्त आणि महाग बॉडीत सामान्य माणसाला फरक दिसणार नाही. डब्याला पोळ्याच्या उन्हाने हात दिला होता, हेही कबूल करतो. त्याचे भिंग साधेच. ओसरीवर तोही हरला असता.

मोठी चकती महाग का, तेही सांगतो. कापसाच्या मुलखातले आपण. ताग्याचा दाखला पुरे. ताग्यात दोन ठिकाणी दोष असला आणि रुमाल कापले, तर दोन रुमाल वाया जातात. धोतरे कापली, तर दोन धोतरे जातात. सिलिकॉनचेही तसेच. त्यात मोठ्या चकत्या मुळातच कमी निघतात.

शिक्षकबंधूंनी मला अनेकदा विचारले आहे, शाळेसाठी कोणता घ्यावा? माझे मत असे की फुल फ्रेमचा हव्यास नको. आरसा नसलेल्या नव्या बॉडी आल्यापासून आरशाच्या जुन्या बॉडी वापरलेल्या स्थितीत पुष्कळ स्वस्त मिळतात. त्यांतली एपीएस-सी घ्यावी आणि वाचलेल्या पैशात पन्नास मिलिमीटरचे, १.८ छिद्राचे भिंग घ्यावे. बॉडीबरोबर येणाऱ्या झूमच्या भिंगापेक्षा त्यातून कितीतरी अधिक प्रकाश आत येतो. चारठाण्याच्या देवळात मी हेच भिंग लावून, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, आतल्या खांबांवरचे कोरीव काम टिपले. मोबाईलही आता लागोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो आणि लहान चकतीची उणीव बरीचशी झाकतो. स्थिर बसलेल्या माणसापुरते ते चालते. लेझीम खेळणाऱ्या पोरांचे हात मात्र पुसट होतात.

दुकानात गेलात तर मेगापिक्सेलचा आकडा वाचू नका. दुकानदाराला आतले दिवे मालवायला सांगा, त्याचाच फोटो काढा, आणि पडद्यावर मोठा करून त्याचे डोळे पाहा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि फोटो काढलेत की त्याच आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तरी कागदावर छापून घ्या.