जुना वस्तरा

म्हसळा हें गांव राजपुरीच्या खाडीच्या आंतल्या टोकाशीं वसलेलें असून १९४८ पर्यंत तें जंजिरा संस्थानांत मोडत असे. या किनाऱ्यावरील खारी दमट हवा लोखंडास सुखानें राहूं देत नाहीं. मग वर्षानुवर्षें पेटींत पडलेल्या पोलादी वस्तऱ्याची काय दशा होत असेल, हें सांगावयास नको.

जुने वस्तरे उजळण्याचा छंद ज्यास नव्यानें जडतो, तो असा वस्तरा हातीं येतांच काचकागदाकडे धांव घेतो, आणि येथेंच घात होतो. पात्याच्या मुठीलगतच्या दांड्यावर कारखानदाराची मुद्रा असते. गंजाबरोबर तीही घासली गेली, म्हणजे वस्तऱ्याची जन्मपत्रिकाच पुसली म्हणावयाची. विलायती वस्तऱ्यांवर बहुधा शेफील्ड किंवा झोलिंगेन हें नांव आढळतें. बेंजामिन हंट्समन यानें अठराव्या शतकाच्या मध्यास मुशींत पोलाद वितळविण्याची कृति साधली आणि शेफील्डची कीर्ति वाढली. जर्मनींतील झोलिंगेन पुढें दोन्ही अंगांनीं पोकळ घासलेल्या पातळ पात्यांसाठीं नांवाजलें.

परंतु तो वस्तरा कोणाच्या धोकटींत होता, हें मुद्रा सांगत नाहीं. महाराष्ट्रांत वस्तरा दाढीपुरता कधींच नव्हता. नवरा वारला, म्हणजे ब्राह्मणाच्या घरच्या मुलीच्या मस्तकावर तोच फिरे. मग ती दहा-बारा वर्षांची कां असेना. हें काम न्हाव्याच्या हातून करविलें जाई आणि त्याचे त्यास पैसे मिळत. १८९० सालीं मुंबईंत न्हावी मंडळींची सभा भरली व विधवांचें केशवपन यापुढें करावयाचें नाहीं, असें तींत ठरलें. गिरणी कामगारांचे पुढारी व जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यांत पुढाकार होता. सुधारणेवर व्याख्यानें देणारे पुष्कळ होते. येथें मात्र ज्यांचें पोट वस्तऱ्यावर, त्यांनींच तो खालीं ठेवला. केशवपनाची चाल त्या दिवशीं बंद पडली नाहीं, हेंही खरें.

म्हणून नवशिक्यानें आधीं मुद्रा वाचून टिपून ठेवावी. मग पातें उजेडांत धरून धारेला तडा आहे कीं काय, तें पाहावें. तडा असल्यास तो वस्तरा केवळ जपून ठेवण्याचा. गंजावर शिवणयंत्राचें तेल लावून तो हलक्या हातानें काढावा. काळे डाग राहिले तर राहूं द्यावे. यंत्राच्या फिरत्या दगडावर पातें कदापि धरूं नये, कारण तें तापून पोलादाचें पाणी उतरतें. निसण्यावर पाठ व धार दोन्ही टेकवून, धार पुढें ठेवून पातें सारावें. चामड्याच्या पट्ट्यावर नेमकें उलट, पाठ पुढें. दोन्हीकडे पातें उलटावयाचें तें पाठीवर, धारेवर नव्हे. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल, तर ती कुजतांना निघणारी वाफच पातें गंजवीत असते. असा वस्तरा बंद डबींत इतरांशेजारीं ठेवूं नये.