प्राचीन कल्याण बंदर आणि तेथील बिशपपीठ

गडचांदूर : चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा जिल्ह्यांचा समावेश असलेला सीरो-मलबार चर्चचा चांदा धर्मप्रांत ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण महाधर्मप्रांताच्या कक्षेत आला. ही रचना नवी असली, तरी ख्रिस्ती इतिहासात 'कल्याण' हे नाव नवे नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथात 'कल्लियाना' येथील बिशपचा उल्लेख आढळतो.

सातवाहनांचे बंदर

उल्हास नदीच्या खाडीवर वसलेले कल्याण हे सातवाहन काळातील महत्त्वाचे बंदर होते. नाणेघाटातून जुन्नर व पुढे पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गामुळे देशावरील माल येथे उतरत असे. कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव 'कल्लिएना' असे येते. पूर्वी येथे नियमित व्यापार चाले. पुढे सत्तासंघर्षामुळे अडथळे आले आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे हा ग्रंथ सांगतो.

कॉस्मसची नोंद

अलेक्झांड्रिया येथील व्यापारी कॉस्मस याने सहाव्या शतकाच्या मध्यास 'ख्रिस्ती भूवर्णन' हा ग्रंथ लिहिला. त्यात श्रीलंका आणि मिरी पिकणाऱ्या मलबारमध्ये ख्रिस्ती वस्ती असल्याचे नमूद करून, कल्लियाना येथे पर्शियातून नियुक्त झालेला बिशप असल्याचे तो सांगतो. येथून तांबे, लाकूड व कापड निर्यात होत असल्याचेही त्याने लिहिले आहे.

ही नियुक्ती रोमहून नव्हे, तर पर्शियातून होण्याचे कारण व्यापारमार्गात होते. कोकणातील बंदरांचा पर्शियन आखाताशी निकटचा संबंध होता. त्या प्रदेशातील ख्रिस्ती समाज 'पूर्वेकडील चर्च'चा होता आणि त्याच्या धर्मप्रमुखाचे पीठ आजच्या बगदादजवळील सेल्युशिया-टेसिफॉन येथे होते. व्यापाऱ्यांच्या जहाजांमागोमाग धर्मगुरूही भारतीय किनाऱ्यावर पोहोचले. त्यांची उपासनाभाषा सीरियाक होती.

कल्लियाना नेमके कोठे?

याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते हे ठिकाण कर्नाटकात उडुपीजवळील कल्याणपूर असावे. मात्र कॉस्मसच्या यादीत सिंधू, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर आणि त्यानंतर मलबारची बंदरे असा क्रम आहे. ओर्होथा म्हणजे सौराष्ट्र व सिबोर म्हणजे चौल, असे मानल्यास कल्लियाना या दोहोंच्या मध्ये, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याणकडेच येते. त्या काळातील चर्चचे अवशेष मात्र कल्याणमध्ये सापडलेले नाहीत. त्यामुळे सारा आधार लिखित पुराव्याचाच आहे.

ठाणे व सोपारा

पूर्वेकडील चर्चचे अनुयायी या परिसरात पुढेही राहत होते. १३२१ मध्ये ठाण्यात आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना अशाच एका ख्रिस्ती कुटुंबाने आश्रय दिला होता. धर्मविषयक वादातून त्यांच्यापैकी चौघांना ठार मारण्यात आले. त्यांचे सहप्रवासी, डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डनस यांनी त्यांचे मृतदेह सोपारा येथे पुरले. १३२९ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी जॉर्डनस यांना केरळातील कोल्लमचे बिशप नेमले. लॅटिन परंपरेतील भारतातील हे पहिले बिशपपीठ होय.

बंदर ते महाधर्मप्रांत

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि येथील खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. पुढे मुंबईच्या उदयानंतर कल्याणचे बंदर म्हणून असलेले महत्त्व ओसरले.

केरळातील सीरो-मलबार चर्चही पूर्व सीरियाक परंपरेचाच वारसा सांगते. या चर्चचे चांदा क्षेत्र १९६२ मध्ये स्थापन झाले व १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला; त्याचे मुख्यालय बल्लारपूर येथे आहे. मुंबई, पुणे, नाशिक परिसरातील स्थलांतरित केरळी भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत निर्माण झाला. कॉस्मसच्या काळातील बिशपपीठाशी त्याचा अखंड संबंध नाही. परंतु ज्या परंपरेचा बिशप तेथे असल्याची नोंद आहे, त्याच परंपरेचे पीठ आज पुन्हा त्या नावाने उभे आहे.