अंड्यात मासा आधीपासून असतो का?

विषय जीवशास्त्रातला आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा, म्हणून आधीच सांगतो, हा प्रश्न मुळात आमच्याच घरातला आहे. माशाच्या अंड्यात मासा आधीपासून असतो, की नंतर घडतो?

आपल्याकडे सांख्य म्हणाले, तिळात तेल होतंच, ते फक्त प्रकट झालं. नैयायिक म्हणाले, नाही, मातीत घट नव्हता. तो नवा उत्पन्न झाला. युरोपात ॲरिस्टॉटलने कोंबडीची अंडी दिवसागणिक फोडून पाहिली आणि नैयायिकांच्या बाजूचं उत्तर दिलं. पुढे सूक्ष्मदर्शक आल्यावर अनेकांना उलटंच वाटू लागलं : सगळे अवयव चिमुकल्या रूपात तयारच असतात, फक्त वाढतात.

१८९१ मध्ये हान्स ड्रीश या जर्मन संशोधकाने सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या भ्रूणाच्या पहिल्या दोन पेशी वेगळ्या केल्या. अर्धे-अर्धे जीव निघतील अशी अपेक्षा होती. निघाले दोन पूर्ण, फक्त लहान! यंत्राचे दोन तुकडे केले तर दोन यंत्रं होत नाहीत. मग हे काय? ड्रीशला वाटलं, जडापलीकडचं काही तत्त्व असणार. आणि पुढे तो चक्क तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला.

ज्या माशाने या वादात मोठी भर घातली, तो आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात त्याची नोंद केली. अंगावर निळे पट्टे, लांबी बोटभर; आज आपण त्याला झेब्राफिश म्हणतो. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत मानाचं स्थान मिळवून दिलं. त्यांचा गाजलेला निबंध १९८१चा. कारण साधं : याचा भ्रूण आईच्या पोटाबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो. चोवीस तासांच्या आसपास हृदयाचा ठोका सुरू झालेला दिसतो. कोणतं जनुक कुठल्या पेशीत जागं झालं, तेही रंगाने दाखवता येतं.

आता बघा, गंमत इथे आहे. फलनानंतर साधारण पहिले तीन तास भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. आईने अंड्यात ठेवलेल्या निरोपांवर, म्हणजे आरएनएवर, काम चालतं. पेशी हजारेक झाल्या की ते निरोप पुसले जाऊ लागतात आणि भ्रूण स्वतःची जनुकं वाचू लागतो. प्रत्येक पेशीत पोथी तीच. पण कोणतं पान कुठे, केव्हा उघडायचं, हे शेजारच्या पेशींच्या खुणांवर ठरतं. म्हणजे सांख्य अर्धे बरोबर, नैयायिकही अर्धे बरोबर. पोथी आधीची, मासा नवा.

हा मासा मग मुंबईतही आला. जर्मनीत ट्युबिंगेनला क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोल्हार्ड यांच्याकडे काम केलेले महेंद्र सोनावणे यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या माशाच्या भ्रूणाची त्वचा कशी घडते, याचा अभ्यास उभा केला.

पण कुलाब्याचं आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. ऐका. बाहेर वाढणाऱ्या भ्रूणाला गर्भाशय नाही. पाणी हेच त्याचं गर्भाशय. पाण्यात विष आलं की जनुकांचं वाचन चुकू शकतं. म्हणून २०१३ मध्ये याच भ्रूणांवरची एक आंतरराष्ट्रीय चाचणी ठरली. ९६ तास चार गोष्टी पाहायच्या : अंडं गोठलं का, शरीराचे खंड पडले का, शेपूट बलकापासून सुटली का, हृदय चालतंय का. बस.

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६०चं, वालधुनीच्या काठी उभं आहे. तीच वालधुनी आज कारखान्यांचं पाणी घेत उल्हासनगरातून वाहते. बदलापूरवरून येणाऱ्या उल्हास नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. आपण पाण्याचा रंग बघतो, वास घेतो, आकडे मागतो. ते हवेतच. पण या पाण्यात एक जीव पूर्ण घडू शकतो का, हा प्रश्नही विचारायला हवा. आपल्या तिन्ही गावांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली तो विचारता येईल.

मासा अंड्यात तयार नसतो, तो घडतो. घडणाऱ्याला बिघडवताही येतं, आणि ते आपल्या हातात आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.