वेम्बलीचा कौल आणि प्रतिनिधीचे मत

लंडनच्या वायव्येस वसलेल्या वेम्बलीचे नाव निघाले म्हणजे कोणाच्या डोळ्यांपुढे तेथील विस्तीर्ण क्रीडांगण उभे राहते, तर कोणास ईलिंग रोडवरील साड्यांची, दागिन्यांची आणि भाजीपाल्याची दुकाने आठवतात. परंतु लोकशाहीच्या इतिहासात ज्यास रस आहे त्याने या गावाकडे निराळ्या दृष्टीनेही पाहावे असे मला वाटते, कारण आपण निवडून दिलेल्या माणसाने सभागृहात कोणत्या बाजूस मत टाकले हे जाणण्याचा मतदाराचा हक्क ज्या झगड्यातून पुढे आला, त्याचा एक मोठा अंक याच परगण्यात घडला. आज येथील रहिवासी सायंकाळी झालेल्या मतदानाची नावनिशीवार यादी त्याच रात्री घरी बसून वाचतो, आणि ही सोय फार जुनी नाही.

अठराव्या शतकात वेम्बली ही हॅरोच्या हद्दीतील एक वाडी होती व मिडलसेक्स परगण्यात मोडत असे. वर्षाकाठी निदान चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन ज्यांच्या मालकीची होती अशा या परगण्यातील खातेदारांनी 1768 साली जॉन विल्क्स या बंडखोर लेखकास पार्लमेंटात धाडले. पुढल्याच वर्षी सभागृहाने त्यास बरखास्त केले. मतदारांनी त्यास पुन्हा निवडले, पुन्हा निवडणूक रद्द झाली, आणि असे होता होता 1769 च्या एप्रिलमध्ये ब्रेंटफर्ड येथील मतदानात विल्क्सला 1143 व त्याच्या विरुद्ध उभ्या केलेल्या कर्नल लटरेलला 296 मते पडली असता सभागृहाने लटरेल यासच निवडून आल्याचे ठरवले. त्या मतदानाची रीत ध्यानी घेण्याजोगी आहे. मतदाराने मांडवात चढून आपले नाव सांगावे, कोणास मत देतो ते सर्वांदेखत बोलावे, कारकुनाने ते वहीत उतरावे, आणि पुष्कळदा ती वही पुढे छापून विकली जावी, असा शिरस्ता होता. म्हणजे जमीनदाराच्या धाकाखाली राहणाऱ्या कुळाचे मत चव्हाट्यावर, आणि त्या परगण्याचा कौल ज्यांनी धुडकावला त्या सभासदांच्या मतांची अधिकृत यादी मात्र कोठेही नाही. प्रतिनिधीचे मत झाकलेले व मतदाराचे उघडे, ही विपरीत व्यवस्था उलटी फिरवण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

सभागृहातील भाषणे छापणे हाही त्या काळी गुन्हाच गणला जाई. 1771 साली अशा एका मुद्रकास पकडण्यासाठी सभागृहाचा हुजऱ्या लंडन शहरात आला, तेव्हा नगरपालक झालेल्या याच विल्क्सने व त्याच्या सहकाऱ्यांनी मुद्रकास सोडून हुजऱ्यालाच अटकेत ठेवण्याचा हुकूम केला. लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांस त्यापायी टॉवरच्या बंदिवासात जावे लागले, परंतु त्यानंतर वार्तांकन रोखण्याचा हट्ट पार्लमेंटाने हळूहळू सोडला. 1834 च्या आगीत जुने पार्लमेंटगृह जळाले, आणि दोन वर्षांनी, 1836 मध्ये, दोन्ही बाजूंच्या सभासदांनी दोन स्वतंत्र दालनांतून जावे व कारकुनांनी त्यांची नावे नोंदून यादी प्रसिद्ध करावी अशी वहिवाट सुरू झाली. मतदाराला गुप्त मतपत्रिका मिळाली ती 1872 मध्ये. या दोन सालांकडे एकत्र पाहावे. एकाने सेवकाचे मत उघडे केले व दुसऱ्याने धन्याचे झाकले, आणि प्रातिनिधिक राज्यपद्धतीचा सारा तोल या जोडीवर उभा आहे, असे माझे मत आहे.

मतविभागणीचा विधी जुन्या दरबारी थाटाचा आहे. घंटा वाजताच ग्रंथालयातून, उपाहारगृहातून, आसपासच्या कचेऱ्यांतून सभासद धावत येतात. आठ मिनिटांनी दारांना कुलूप पडते. होकाराचे अध्यक्षांच्या उजव्या दालनात व नकाराचे डाव्या दालनात जातात, तेथे नावाची नोंद होते आणि बाहेर पडताना दोन्ही पक्षांचे गणक डोकी मोजतात. मोजणी आटोपली की चार गणक राजदंडापुढे रांगेने उभे राहून मान लववतात आणि जिंकलेल्या बाजूचा गणक आकडे वाचून दाखवतो. या आकड्यांत कधी एका माणसाचे मोल केवढे ठरते याचे उदाहरण 1986 च्या जुलैमध्ये मिळाले: सरकारी शाळांतून छडी हद्दपार करण्याचा निर्णय 231 विरुद्ध 230 असा अवघ्या एका मताने झाला.

ही यादी मोलाची खरी, तथापि ती मुकी आहे. जो आजारी होता, जो परदेशी होता आणि ज्याने विवेकाला स्मरून मत देण्याचे टाळले, ते तिघेही तीत सारखेच अनुपस्थित दिसतात. विरुद्ध पक्षाच्या सभासदाशी गैरहजेरीचा परस्पर करार करून जो घरी गेला त्याचीही कैफियत तीत नाही. शिवाय विजयाचे पुढे काय झाले हे ती सांगत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केलेले दादाभाई नौरोजी लंडनच्या मध्य फिन्सबरीतून 1892 मध्ये निवडून आले, आणि पुढल्याच वर्षी, 2 जून 1893 रोजी, सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानात व इंग्लंडात एकाच वेळी घ्यावी असा हर्बर्ट पॉल यांनी मांडलेला व दादाभाईंनी अनुमोदिलेला ठराव 84 विरुद्ध 76 मतांनी संमतही झाला. मात्र हिंदुस्थानच्या भूमीवर ती परीक्षा सुरू होण्यास 1922 साल उजाडले, आणि तोवर दादाभाई हयात नव्हते.

वेम्बलीला स्वतःच्या नावाचे मतदारसंघ मिळाले ते 1945 मध्ये, उत्तर व दक्षिण असे दोन. 1965 मध्ये वेम्बली व विल्सडेन मिळून ब्रेंट हा नवा बरो झाला आणि 1974 पासून मतदारसंघांनाही तेच नाव लागले. त्या वर्षी उत्तर ब्रेंटमधून हुजूर पक्षाचे ऱ्होड्स बॉयसन निवडून आले: गालांवर भरघोस कल्ले राखणारे, हायबरी ग्रोव्ह शाळेचे माजी मुख्याध्यापक, शाळेत शिस्त हवी व छडीही हवी असे खड्या आवाजात सांगणारे. ते शिक्षणखात्याचे उपमंत्री झाले, पुढे समाजसुरक्षा, उत्तर आयर्लंड व स्थानिक शासन या खात्यांतून फिरले. छडीचा प्रश्न निकाली निघाला तेव्हा ते उत्तर आयर्लंडच्या कारभारात होते. एका मतदारसंघाचा माणूस सरकारच्या यंत्रात कोठकोठे नेऊन बसवला जातो, हे अशा प्रवासावरून समजते. दक्षिण ब्रेंटमधून 1987 मध्ये निवडून आलेले पॉल बोटेंग पुढे 2002 मध्ये ब्रिटनचे पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री झाले. बॉयसन यांचा 1997 मध्ये पराभव करणारे मजूर पक्षाचे बॅरी गार्डिनर हे पूर्वी केंब्रिजचे महापौर होते. ते उपमंत्री झाले, विरोधी बाकांवर गेल्यावर 2016 पासून व्यापारखात्याचे छायामंत्री झाले, आणि 2020 मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

येथे 1 फेब्रुवारी 2017 या दिवसाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस देण्याच्या विधेयकाचे दुसरे वाचन त्या सायंकाळी होते. ब्रेंटच्या मतदारांपैकी सुमारे 60 टक्क्यांनी आदल्या वर्षीच्या सार्वमतात संघात राहण्याचा कौल दिला होता, देशाचा कौल मात्र उलट पडला होता; आणि मजूर पक्षाने आपल्या सभासदांवर तीन रेघांचा, म्हणजे सर्वांत कडक, पक्षादेश बजावला होता की मत होकाराचे द्यावे. ज्यांच्या मतदारसंघात वेम्बलीचे क्रीडांगण होते त्या मध्य ब्रेंटच्या डॉन बटलर यांनी, एकेकाळी पक्षाच्या प्रतोदगणात स्वतः काम केलेले असूनही, छायामंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि नकाराच्या दालनात गेल्या. शेजारच्या उत्तर ब्रेंटचे गार्डिनर पदावर राहिले व होकाराच्या दालनात गेले. 498 विरुद्ध 114 असा निकाल लागला, यादी छापली गेली. पण एकीने आधी पद खाली ठेवले होते आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ते होते, हे त्या यादीत कोठेही नाही. जो पदावर आहे त्याचे मत सामुदायिक जबाबदारीने बांधलेले असते, म्हणून मतांची वही उघडताना पदांची वहीही शेजारी ठेवून रुजवात करावी लागते. मराठी माणसास हे वेगळे समजावण्याचे कारण नाही. कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडले, ते याच पेचातून, आणि त्यांच्या मनाचा कल त्या राजीनाम्याने जितका स्पष्ट झाला तितका कोणत्याही मतदानाने झाला नसता. बटलर यांच्या राजीनाम्याला मी त्यांच्या मताहून अधिक वजन देतो. गार्डिनर यांच्या होकाराकडेही केवळ पदलोभ म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते, कारण देशाचा कौल आणि बरोचा कौल यांत फूट पडली असता प्रतिनिधीने कोणता शिरोधार्य मानावा, याचे उत्तर एडमंड बर्कच्या काळापासून वादग्रस्त राहिले आहे.

चारच महिन्यांनी, 8 जून रोजी, सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्यांनी एका सायंकाळी परस्परविरुद्ध मते दिली होती त्या दोघांनाही त्यांच्या त्यांच्या मतदारांनी पुन्हा निवडून दिले, आणि ऑगस्टमध्ये बटलर छायामंत्रिमंडळात परत आल्या.