टेलोमिअर लांब असले की आयुष्य वाढते का?

साडीला पिको केला नाही तर कडेचे धागे सुटत जातात. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना निसर्गाने असाच पिको केलेला आहे. त्याचे नाव टेलोमिअर.

माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. जन्माच्या वेळी त्याची लांबी साधारण 10 हजार अक्षरे असते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल अगदी टोकापर्यंत पूर्ण होत नाही, त्यामुळे दर विभाजनात टेलोमिअर थोडे झिजते. ते फार आखूड झाले की पेशी विभागणे थांबवते किंवा मरते. लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवले होते, की प्रयोगशाळेतील सामान्य मानवी पेशी साधारण 40 ते 60 वेळाच विभागतात. कारण मात्र तेव्हा माहीत नव्हते.

ही झीज भरून काढणारे विकरही शरीरात आहे, टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते 1984 मध्ये तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात सापडले. या विषयातील कामासाठी त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चे नोबेल मिळाले.

मग टेलोमरेज वाढवणारी गोळी घेतली की म्हातारपण टळेल? इथेच खरी मेख आहे. आपल्या बहुतेक पेशींमध्ये हे विकर जवळजवळ बंद असते. कर्करोगाच्या 85 ते 90 टक्के गाठींमध्ये मात्र ते चालू झालेले आढळते. त्याच्याच जोरावर त्या पेशी न थांबता वाढतात. म्हणजे टेलोमिअरची झीज हा बिघडलेल्या पेशीला लागणारा ब्रेकही आहे. जन्मतः लांब टेलोमिअर असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका थोडा कमी, पण काही कर्करोगांचा जास्त असल्याचे अभ्यासांत दिसते.

उलट टेलोमरेजच्या जनुकात दोष असेल तर अस्थिमज्जा रक्त बनवण्यात कमी पडते, फुप्फुसे कडक होतात. अशा संशयित रुग्णांसाठी टेलोमिअरची तपासणी खरोखर उपयोगी पडते.

बाकीच्यांनी ‘तुमचे जैविक वय सांगतो’ म्हणणाऱ्या महागड्या चाचणीवर पैसे घालू नयेत. नागपूरजवळच्या वाडीत शेजारी राहणाऱ्या दोन पन्नाशीच्या माणसांचे टेलोमिअर बरेच वेगळे असू शकतात, आणि दोघेही ठणठणीत असू शकतात. धूम्रपान आणि लठ्ठपणा यांचा आखूड टेलोमिअरशी संबंध आढळला आहे; पण सिगारेट सोडायला त्या अहवालाची गरज नाही.