मुख्य चढाईपटू बाहेर बसल्यावर...

आमच्या हडपसरच्या कँटीनमध्ये क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर वाद होणं तसं दुर्मिळच. पण परवा झाला, आणि तोही चांगला तासभर. निमित्त होतं लीड्सहून ऑनसाइट आटपून आलेला एक मित्र. तिकडे त्याला रग्बी लीगचा नाद लागला. आपल्याला हेडिंग्ले म्हटलं की क्रिकेट आठवतं, पण त्याच आवारात शेजारी रग्बी लीगचं मैदान आहे आणि तिथली जनता खरी वेडी आहे ती त्याच्यासाठी.

रग्बी लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू. त्यातले १ ते ७ नंबरवाले म्हणजे बॅकलाइन. पळणारे, चकवणारे, गुण आणणारे. कुठल्या संघाची बॅकलाइन जास्त घातक, यावर तिकडे पबमध्ये रात्री जागतात म्हणे. मित्राने सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी काडी टाकली, "तुमच्या कबड्डीत पण सातच असतात ना? मग सांगा, आक्रमणात सगळ्यात भारी संघ कुठला?"

झालं! एक म्हणाला, २०१७ चा पाटणा पायरेट्स, विषय संपला. दुसरा म्हणाला, २०२४ ची पुणेरी पलटण. मी अर्थातच पलटणवाला. (बालेवाडी हडपसरच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला असूनही. संध्याकाळी तिकडे जाऊन बघा, मग माझ्या निष्ठेची किंमत कळेल :) ) पण वाद घालताना जाणवलं की दोघंही एकच चूक करतोय. म्हणून हा शनिवार त्यावर घालवला.

आधी पाटण्याची बाजू, कारण ती आकड्यांत फार भक्कम आहे. २०१७ च्या मोसमात परदीप नरवालने २६ सामन्यांत चढाईचे ३६९ गुण घेतले. म्हणजे सामन्याला १४ च्या वर. हरियाणाविरुद्ध एका सामन्यात ३४, त्यात एकाच चढाईत ८. अंतिम सामन्यात पाटण्याने गुजरातला ५५-३८ असं चिरडलं. लागोपाठ तिसरं विजेतेपद. एक्सेलमध्ये कॉलम सॉर्ट केला की उत्तर समोर.

आता हीच शीट दोन वर्षं पुढे सरकवा. २०१९ च्या मोसमात परदीपने २२ सामन्यांत ३०२ गुण घेतले. सरासरी १३.७. जवळपास तोच परदीप. आणि पाटणा? बारा संघांत पहिल्या सहांतसुद्धा नाही. बाद फेरीच गाठली नाही.

मग परदीप उत्तर प्रदेशच्या संघात गेला, १ कोटी ६५ लाखांना, तेव्हाचा विक्रम. त्याच्याशिवाय खेळलेला पाटणा पुढच्याच मोसमात साखळीत अव्वल आला आणि फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून फक्त एका गुणाने हरला, ३६-३७. म्हणजे सगळ्यात मोठा चढाईपटू गेला आणि संघ सुधारला! कोडमध्ये असं झालं असतं तर आपण म्हटलं असतं की बग दुसरीकडेच आहे.

बग कुठे आहे ते शोधायला जरा मागे जावं लागतं. शंभर वर्षं.

आपल्याकडे हुतुतू म्हणून गावोगाव खेळला जाणारा हा खेळ. नियम दर दहा कोसांवर वेगळे. १९१८ साली साताऱ्याच्या मंडळींनी नियम एकत्र बांधायला घेतले, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ते छापून स्पर्धा भरवल्या. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० मध्ये अखिल भारतीय फेडरेशन आलं, १९५२ ला मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. पण आपल्या वादासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तेव्हा कबड्डी एक नव्हती, निदान तीन होत्या.

पहिली अमर. यात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो. दुसरी गामिनी. यात बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. आणि तिसरी संजीवनी. यात तुमच्या संघाने गुण मिळवला की तुमचा बाद गडी परत आत. फेडरेशनने उचलली ती संजीवनी, आणि आज टीव्हीवर दिसते तीही संजीवनीच.

आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. एकच दादा चढाईपटू तिन्ही प्रकारांत खेळवला तर काय होईल? अमरमध्ये तो चाळीस मिनिटं चढाया करेल. तिथे संघाची ताकद म्हणजे सरळ बेरीज. गामिनीत पाचव्या मिनिटाला पकडला गेला तर संपलं, तो बाहेर बसून नखं खाणार. आणि संजीवनीत? तो बाहेर बसला की त्याला आत आणायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी. दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने गुण आणला तर तो परत येणार, नाहीतर बसून राहणार.

थोडक्यात, संजीवनीने खेळ वाचवला, पण एकट्या हिरोचं महत्त्व कमी केलं. या नियमात आक्रमणाची खरी ताकद म्हणजे पहिला चढाईपटू किती गुण आणतो ही नाहीच. तो बाद झाल्यावर किती लवकर परत येतो, ही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर किती मोठा आहे यापेक्षा तो डाऊन झाल्यावर सिस्टिम किती वेळात उभी राहते ते बघा.

बरं, त्याला आत आणायला चढाईच लागते असंही नाही. पकडीचा गुणही चालतो. म्हणजे समोरचा चढाईला आला आणि आपल्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला, तर आपला चढाईपटू जिवंत. म्हणजे बचाव हा आक्रमणाचाच भाग झाला की! हे कुठल्याही 'टॉप रेडर' यादीत दिसत नाही.

आता पाटण्याचं कोडं परत बघा. २०१७ मध्ये परदीपच्या जोडीला मोनू गोयत होता, स्वतःच्या बळावर भरपूर गुण आणणारा. परदीप बाहेर बसला की मोनू त्याला आत आणायचा. पुढच्याच लिलावात हरियाणा स्टीलर्सने मोनूला १ कोटी ५१ लाखांना उचललं. त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली! आणि २०१८ च्या मोसमापासून पाटण्याची घसरण सुरू झाली. परदीप तोच होता, त्याला आत आणणारा गेला होता. २०२१-२२ च्या मोसमात परदीप नव्हता, पण सचिन तन्वर, गुमान सिंग, प्रशांत राय आणि परत आलेला मोनू असे चौघं होते. आणि मागे होता इराणचा मोहम्मदरेझा शादलू, त्या मोसमात पकडीचे सगळ्यात जास्त गुण घेणारा.

हा शादलू लक्षात ठेवा. २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना तो पुण्यात आला.

आता माझी पलटण. २०१४ आणि २०१५, पहिले दोन्ही मोसम आम्ही तळाला होतो, शेवटून पहिले. २०२३-२४ मध्ये मात्र साखळीतल्या २२ सामन्यांत फक्त २ हरलो. आणि गंमत बघा, चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या पाचात पुण्याचा एकही नाही! अहिल्यानगर जिल्ह्यातला (तेव्हाचं अहमदनगर) अस्लम इनामदार कर्णधार, हरियाणाचा मोहित गोयत, मुंबईचा पंकज मोहिते, नाशिकचा आकाश शिंदे. चौघांनी वाटून काम केलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना २८-२५. त्यात पंकजचे ९ गुण, पैकी ४ एकाच चढाईत. ५५-३८ च्या शेजारी २८-२५ ठेवलं की आक्रमण लंगडं वाटतं. पण नीट बघा, ही टीम कधी बंदच पडत नव्हती.

प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही सांगतो, नाहीतर कँटीनमध्ये खेचतील. पुढच्या मोसमात शादलू हरियाणाकडे गेला आणि विजेता ठरला हरियाणाच. तोही अंतिम सामना आमच्या बालेवाडीत, डिसेंबर २०२४ मध्ये, आणि पलटण त्यात नाही. २०२५ ला परत अंतिम फेरी गाठली, तर दिल्लीने २८-३१ ने हरवलं. म्हणजे वाटून खेळलं की कप मिळतोच असं नाही. पण 'एकाच्या गुणांवरून संघाचं आक्रमण ठरवा' हे मात्र नक्की चुकीचं.

आणखी एक घोळ. नियम बदलले की आकड्याचं वजन बदलतं. हे आमच्या रग्बीवाल्या मित्रानेच सांगितलं. रग्बी लीगमध्ये १९६६ पर्यंत कितीही वेळा पाडलं तरी चेंडू तुमच्याचकडे राहायचा. पुढे असलेला संघ चेंडू धरून बसायचा आणि पब्लिक जांभया द्यायचं. मग चार टॅकलची मर्यादा आली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहा झाली. त्यानंतर आक्रमण करणं भागच पडलं. आपल्याकडे प्रो कबड्डीत तेच झालं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद. चढाईला ३० सेकंद. पूर्वी पुढे असलेला संघ निदानरेषा ओलांडून आरामात परत यायचा, वेळ काढायचा. त्या काळातल्या गुणांची आजच्या गुणांशी तुलना म्हणजे हडपसर ते बालेवाडी रविवारी सकाळी आणि सोमवारी संध्याकाळी लागणाऱ्या वेळाची तुलना.

दोन्ही खेळांत अजून एक साम्य सापडलं. रग्बी लीग १८९५ मध्ये हडर्सफील्डला वेगळी झाली ती उत्तर इंग्लंडच्या कामगारांच्या बुडणाऱ्या मजुरीवरून. खेळायला सुट्टी घेतली की पगार कापला जायचा, त्याची भरपाई मागितली, नाकारली गेली, आणि क्लब फुटले. आपली कबड्डीही लालबाग-परळच्या गिरणगावात, चाळीचाळींतल्या मंडळांत मोठी झाली. पाळी संपवून मातीत उतरणाऱ्यांनी वाढवली. फरक इतकाच की त्यांच्याकडे जुन्या सामन्यांच्या नोंदी सापडतात. आपला डेटाबेस जवळपास २०१४ ला सुरू होतो.

आणि हे मला खरंच लागलं. १९७२ मध्ये सदानंद शेट्येंना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या शकुंतला खटावकरांनाही त्याच दशकात अर्जुन मिळाला. त्यांची सरासरी सांगा बघू? एक्सेलमध्ये त्या रांगाच नाहीत. पण रांग नाही म्हणजे शून्य नव्हे. शून्य आणि नल यात फरक असतो, हे आपल्याला पहिल्याच नोकरीत शिकवतात. तरी 'सार्वकालिक सर्वोत्तम' याद्या बनवताना आपण नलचं बिनधास्त शून्य करतो.

रविवारी मामाकडे गेलो होतो. मामा तरुणपणी जत्रांमधल्या मातीवर चढाया करायचे, एक गुडघा अजून त्याची साक्ष देतो. विचारलं, "मामा, एका सामन्यात जास्तीत जास्त किती गुण आणलेत तुम्ही?"

मामांनी बराच विचार केला. "गुण कोण मोजतंय रे," म्हणाले. "पण मी बाहेर बसलो ना, की मला आत कोण आणायचं ते विचार. तिघं होते." आणि तिघांची नावं घेतली, न अडखळता. पन्नास वर्षांनंतर.

मी तासभर शीटमध्ये जो कॉलम शोधत होतो तो मामांना पाठ होता.

तर सोमवारी कँटीनमध्ये माझं उत्तर तयार आहे. २०१७ चा पाटणा की २०२४ ची पलटण? मला दोन्ही संघांचे गुण नकोत. मुख्य चढाईपटू सरासरी किती मिनिटं बाहेर बसला आणि त्याला आत कुणी आणलं, तेवढं सांगा. पाटणावाला आकडे घेऊन आलाच, तर पुढच्या शनिवारी बसूच परत.